लाभ, दोन, तीन

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आबांच्या बाकी सगळ्या गोष्टी मी सांगितल्या. शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगितल्या, लग्नाच्या पंगतीत सांगितल्या, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितल्या आणि हसवलं. पण दर वेळी एका ठिकाणी आलो की "असे होते आमचे आबा" असं म्हणून आटोपतं घ्यायचो. त्याच्या पुढचं फक्त माझ्या बायकोला माहीत होतं. आता ती नाही. मीही पंचाहत्तरी ओलांडली आहे. तेव्हा लिहून टाकतो.

आबा आमचे घरमालक. भोकरदनला मी शिक्षक म्हणून आलो तेव्हा त्यांच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या, आणि निवृत्त होईपर्यंत त्या सोडल्या नाहीत. आबा मार्केट कमिटीत मापाडी होते. शेतकऱ्याचा माल आडतीवर उतरला की घेणारा आणि विकणारा या दोघांच्या मध्ये उभं राहून तो मोजून द्यायचा, हे मापाड्याचं काम. पहिलं माप टाकताना जुना मापाडी "एक" म्हणत नसे. "लाभ" म्हणे. लाभ, दोन, तीन, चार. "एक" म्हटलं की रास एकावरच थांबते, असा त्यांचा समज. बाकीचे मापाडी हा शब्द संध्याकाळी मार्केटच्या गेटपाशी ठेवून घरी जात. आबांनी तो घरी आणला होता.

त्यांच्या तोंडून "एक" मी कधी ऐकला नव्हता. घड्याळात लाभ वाजायचा. डॉक्टरांच्या गोळ्या लाभ सकाळी, लाभ रात्री. एकदा आम्ही दोघं जालन्याला निघालो होतो. कंडक्टर नवीन होता.

"लाभ जालना," आबा म्हणाले. माझा पास होता.

"लाभ? हे कुठं आलं?"

"कुठं आलं म्हंजे? मी लाभ. गाव जालना."

"अहो काका, नाव न्हाई विचारलं. तिकिटं किती?"

"तेच तं सांगून राह्यलो. लाभ!"

मागच्या सीटवरची बाई मध्ये पडली म्हणून बस सुटली. तिचा नवरा मार्केटात हमाल होता.

आबांची बायको, माई, याच्यावर कडी करायच्या. "मला पाहायला आले तवा माझ्या बापानं इचारलं, भाऊ किती तुम्ही? तं हे म्हणले, मी लाभच. माझ्या बापाला वाटलं, पोराचं नावच लाभ हाय. चार दिवस घरात सगळे लाभराव लाभराव करून राह्यले." आबा हे ऐकत गालातल्या गालात हसत बसायचे. बहुतेक ते खरंच असावं.

दुसरी त्यांची खोड म्हणजे वरची मूठ. माप शीग लावून भरलं, की वर आणखी एक मूठ टाकायची. मार्केटात हे चालायचं नाही म्हणून ती हौस ते घरी भागवत. चहा कपातून बशीत आणि बशीतून ट्रेमध्ये सांडेपर्यंत ओतत. दिवाळीला आमच्याकडे चिवड्याचा डबा यायचा, त्याचं झाकण कधी लागलेलं नसायचं. "माप पुरं पायजे, गुरुजी," ते म्हणत. "माल हलका असला तं माणूस लाभ डाव माफ करतो. माप कमी असलं तं न्हाई करत."

म्हणूनच निवृत्तीनंतरही गावात कुणाचं मोजण्यावरून वाजलं, की दोन्ही बाजू आबांच्या ओट्यावर येत. दोन भावांची तूर वाटायची असो की शेजाऱ्याने उसनी नेलेली ज्वारी परत आलेली असो. आबा पिशवी हातावर तोलून डोळे मिटत आणि निकाल देत. तो कुणी मोडत नसे. त्यांच्या काट्यापेक्षा त्यांच्या शब्दाला जास्त वजन होतं, आणि आबांजवळ मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतंही.

माझ्या अंगात एक अवगुण होता. मी नकला चांगल्या करायचो. मुख्याध्यापक, पोस्टमन, तालुक्याचे साहेब. पण हुकमी नक्कल आबांची. तो खर्जातला आवाज, शब्दाच्या शेवटी किंचित हुंकार, "बराबर" म्हणताना दोनदा मान हलवणं. स्टाफरूममध्ये चहा आला की कुणीतरी म्हणायचं, "सर, आज आबांना बोलवा." मग मी आबांना बोलवायचो.

आमच्या गल्लीत ब्रॉडबँड पहिल्यांदा आलं ते आबांकडे. हे नव्या शतकातल्या सुरुवातीच्या काही वर्षांतलं. त्यांचा पुतण्या जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीत होता. तिथला जुना कॉम्प्युटर त्याने आणून आबांच्या बैठकीत ठेवला आणि एका खाजगी कंपनीची वायर ओढून घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही. ती आता नाही आणि तिची चूकही नव्हती. आबांनी कॉम्प्युटरला हार घातला, वरून पंचा पांघरला आणि पुतण्याला एकच विचारलं, "याच्यात भाव येतात का?"

भाव येत होते. मग बाजाराच्या दिवशी सकाळी आबांचा ओटा भरायला लागला. धावड्याकडची, पिंपळगावाकडची माणसं मिरची आणि मका टेम्पोत भरण्याआधी आबांकडे येत. बाकीच्या मार्केटांतले भाव आबा पडद्यावर वाचून मोठ्याने सांगत, आणि मग माल भोकरदनलाच टाकायचा की पुढे जालन्याला न्यायचा, ते ठरे. मापाड्याचं काम गेल्यावर कोमेजलेला माणूस पुन्हा टवटवीत झाला. सकाळी आंघोळ करून, टोपी घालून कॉम्प्युटरपुढे बसायचे, जसं काट्याजवळ बसायचे तसे.

स्पीड म्हणजे काय, हे पुतण्याने त्यांना समजावलं होतं. त्यातलं त्यांना एवढंच पटलं की स्पीड हेही एक माप आहे आणि कंपनीने कबूल केलेलं माप पुरं द्यायला पाहिजे. मोजायचं कसं, ते त्यांनी स्वतः शोधून काढलं. निवृत्तीच्या सत्कारातला त्यांचा उभा फोटो होता: डोक्याला फेटा, अंगावर शाल, हातात नारळ. पुतण्याने तो कुठल्याशा वेबसाइटवर ठेवला होता. तो उघडला की वरून खाली सरकत यायचा. आधी फेटा, मग कपाळ, मग मिशा, शाल, नारळ, शेवटी चपला. कॉम्प्युटर लावला की आबा पहिल्यांदा फोटो उघडत आणि ओट्यावरच्या मंडळींना हाकारत: "आलं! चपलांपोत आलं. बसा, भाव सांगतो."

सुरुवातीला वेग चांगला होता. एकदा विजेच्या भानगडीत नेट बंद पडलं, म्हणून आबांनी कंपनीला फोन लावला. पुण्याच्या ऑफिसातल्या मुलीने ग्राहक क्रमांक विचारला. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

"लाभ, शून्य, लाभ, चार..."

"सर, लाभ म्हणजे?"

"लाभ म्हंजे लाभ. पयलं."

"बरं बरं. म्हणजे तुम्हाला लाभ हवाय का, सर?"

"लाभ कोणाला नको, पोरी?"

मी आणि बायको तोंडावर हात ठेवून हसत होतो. वीज सुरळीत झाली, नेट चालू झालं, आबा खूश.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा मार्केटकडे गेले होते आणि माई शेजारी पापड लाटायला. घर उघडंच होतं, आमच्यावर सोपवलेलं. फोन वाजायला लागला, वाजतच राहिला, म्हणून आम्ही दोघं बैठकीत गेलो. मी उचलला.

"नमस्कार, आपण स्वतःच बोलताय ना?" पुण्याची मुलगी होती, कालचीच असावी.

आबा घरी नाहीत, असं सांगायला किती वेळ लागतो? पण दारात बायको उभी होती, कालचं हसू अजून माझ्या पोटात होतं, आणि माझा आवाज आपोआप खर्जात उतरला.

"हं. मीच बोलून राह्यलो."

बायकोने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"सर, काल आपण लाभबद्दल बोललात. तर मग लाभ चालू करायचा ना?"

मला वाटलं, बिचारी अजून त्या आकड्यातच अडकली आहे. म्हणालो, "करा करा. लाभ तं पयला पायजे. बराबर करा."

"धन्यवाद, सर."

फोन ठेवला आणि आम्ही पोट धरून हसलो. आबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नक्कल उघडी पडली असती.

त्यानंतरच्या महिन्यात आबांचा फोटो फेट्यावर अडकला.

सकाळी ओटा भरलेला, बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, आणि पडद्यावर नुसता फेटा. त्याच्याखाली पांढरं. आबा चष्मा पुसून पाहत होते. कुणीतरी म्हणालं, "आबा, तुमचं डोकं आलं, बाकीचं मागच्या बसनं येऊन राह्यलं का?" सगळे हसले, आबाही हसले. पण भाव निघेपर्यंत लिलाव सुरू झाला होता, आणि दोन टेम्पो अंदाजानेच जालन्याला गेले. असं लागोपाठ होऊ लागलं. नवा महिना लागला की फोटो धडधड चपलांपर्यंत यायचा. थोडे दिवस गेले, की कपाळ. मग फेटा.

"हे माप मारून राह्यलेत, गुरुजी," आबा मला म्हणाले. "पयल्या आठ दिवसांत शीग लावून देतात, मंग दांडी मारतात. मला शिकवतात का? उभी हयात काट्यावर गेली माझी."

आणि मग आबांनी कंपनीशी लढाई उघडली. खोटं कशाला सांगू, त्या लढाईइतकी मजा आमच्या गल्लीत कधी झाली नाही.

तक्रार ते रोज करत. पुण्याकडून विचारत, "सर, वेग किती दिसतोय?" आबा सांगत, "कपाळापोत." "सर, म्हणजे किती केबीपीएस?" "ते तुम्ही लावा हिशेब. आमच्याकडं मिशा आल्या न्हाई." वेगवेगळ्या मुली, वेगवेगळी मुलं फोन घेत. पुढे पुढे एक मुलगी त्यांना पक्की ओळखायला लागली. ती आबा म्हणूनच बोलायची. फोन लागला की तीच विचारायची, "आबा, आज कुठपर्यंत?" "आज नाकाचा शेंडा, पोरी." "अरे वा, कालपेक्षा बरं की!" "नाक घेऊन काय करू? मिरचीचा भाव चपलांखाली हाय." मग कुठल्या गावाला काय भाव चालला ते आबा तिलाच सांगायचे. तिच्या आईला कुठली मिरची तिखटाला चांगली तेही सांगून झालं होतं.

कंपनीचा वायरमन गावातलाच होता. गरीब माणूस, हाक मारली की यायचा. त्याने गच्चीवर जास्तीची वायर गुंडाळून तिचं भेंडोळं टांगून ठेवलं होतं. आबांची नजर त्याच्यावर गेली.

"हे काय लावलंय, भाऊ?"

"जास्तीची वायर हाय, आबा. पुढं लागली तं कामाला येईन."

"आणि ते नेट याच्यातून गोल गोल फिरून राह्यलंय? थकन न्हाई तं काय! सरळ कर ते."

वायरमनने हात जोडले. आबांनी ऐकलं नाही. अख्खी दुपार त्या माणसाने भेंडोळं सोडवलं आणि वायर गच्चीच्या कठड्याला धरून सगळीकडून फिरवली. दुसऱ्या दिवशी पहिली तारीख होती. फोटो आला तो थेट चपलांपर्यंत! आबांनी वायरमनच्या गळ्यात हार घातला. आठवड्याने पुन्हा फेटा उरला, तेव्हा ओट्यावर चारचौघांत त्याला सुनावलं, "तू काटा मारून राह्यला. दुसऱ्या घराला नेट देतो माझ्यातून." त्यानंतर वायरमन आमच्या गल्लीतून मान खाली घालून जायचा.

मला खरं कधी कळलं? याच काळात. बसस्टँडसमोरच्या भिंतीवर त्याच कंपनीने जाहिरात रंगवली होती. वर मोठ्या अक्षरात 'लाभ योजना' आणि खाली बारीक अक्षरात, ठरावीक वापरानंतर वेग कमी होईल. मी भाजीची पिशवी घेऊन तिथे किती वेळ उभा राहिलो, कोण जाणे. आबा आकडा सांगत होते, मुलीला वाटलं योजना मागताहेत. तिने रीतसर फोन करून विचारून घेतलं. आणि "करा करा" कोण म्हणालं?

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा. हसतील आणि सोडून देतील." बरोबर होतं तिचं. मी गेलोही. आबा माईंना हातवारे करून वायरमनची गोष्ट सांगत होते, रंगात आलेले. मी आडून सुरुवात केली.

"आबा, योजना तर बदलली नसेल ना? विचारून पाहा की."

"मी बदलली न्हाई तं बदलन कशी, गुरुजी? मी काय सांगितलं अन् काय न्हाई, ते माझ्या ध्यानात असतं."

त्या "ध्यानात असतं"पुढे मी विषय सोडून उठलो. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये भेंडोळ्याची गोष्ट नकलेसह सांगितली आणि सगळ्यांना रडेपर्यंत हसवलं. असे बरेच उद्या गेले.

शेवट पुण्याच्या त्या मुलीनेच केला. बाजाराचा दिवस होता. ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती आणि मीही माईंच्या हातचा चहा घेत कोपऱ्यात बसलो होतो. फोन वाजला. आबांच्या फोनला आता सगळ्यांना ऐकू येईल असं बटण होतं आणि आबा ते कायम दाबून ठेवत.

"आबा, सापडलं!" मुलगी आनंदाने ओरडलीच. "तुमची योजनाच चुकीची आहे. मी साहेबांकडून जुनी परत करून घेतली. फोटो उघडा बरं!"

आबांनी उघडला. डोळ्याचं पातं लवायच्या आत फेट्यापासून चपलांपर्यंत अख्खे आबा! ओट्यावर टाळ्या पडल्या, कुणीतरी शिट्टी मारली. माई पदराने डोळे पुसत बाहेर आल्या. आबांनी फोन तोंडाजवळ नेला. "जुग जुग जग, पोरी. भोकरदनला ये, तुझी पिशवी शिगोशीग मिरचीनं भरून देतो. पण योजना बदलली कोणी? त्याचं नाव सांग."

"आबा, तुम्हीच."

"मी?"

"हो. तुम्ही लाभ मागितला होता. मीच घेतला होता तो फोन. आणि दुसऱ्या दिवशी खात्री करायलाही मी फोन केला. तुम्ही म्हणालात..." ती हसली आणि तिने नक्कल केली, माझ्याइतकी चांगली नाही, "करा करा, लाभ तं पयला पायजे. बराबर करा."

ओटा हसून लोळायचा बाकी राहिला. "बिलकुल आबा!" टेम्पोवाला म्हणाला. "हे दुसरं कोण बोलन?"

आबा हसले नाहीत. माझ्या हातात बिस्किट होतं. ते चहात बुडवलेलं होतं आणि तुटून आत पडलं. तेवढ्या वेळात मला बोलता आलं असतं. सगळे होते तिथे. एक वाक्य पुरलं असतं.

"बोलणं तं माझंच हाय," आबा सावकाश म्हणाले. "म्हणलो असन मंग. माझ्या ध्यानात न्हाई."

त्या दिवशी संध्याकाळी ते टोपी घालून, नारळ घेऊन वायरमनच्या घरी गेले. मला सोबत नेलं. दारातच त्यांनी नारळ पुढे केला. "भाऊ, चारचौघांत तुझ्या मापाला नाव ठेवलं. माप माझंच कमी निघालं. माफ कर." वायरमन गडबडून त्यांच्या पाया पडायला लागला आणि त्याची बायको चहाला आधण ठेवायला पळाली. आबा परत येताना मोकळे झाले होते, छान गप्पा मारत होते. मी त्यांच्या शेजारून चालत होतो. माफी इतक्या सहज मागता येते, हे मी दोन हातांच्या अंतरावरून पाहिलं होतं आणि तरी मला ते जमलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी आबांनी मला दारातून हाक मारली. "गुरुजी, एक वाजला का?"

मी ऐकतच राहिलो. माई चुलीपाशी होत्या, त्यांनीही वळून पाहिलं. आबा म्हणाले, "गैरसमज होतो लोकांचा त्या शब्दानं. सोडून दिला."

शब्द गेला, ते एक वेळ चाललं असतं. पण पुढच्या आठवड्यात दोन भाऊ मक्याच्या वाटणीवरून भांडत आले आणि आबांनी त्यांना ओट्यावर चढूच दिलं नाही. म्हणाले, "आता माझ्याकडं नका येऊ. मी हो म्हणलेलं माझ्या ध्यानात राहत न्हाई. अशा माणसानं निवाडा करू न्हाई." भाव मात्र सांगत राहिले, नेट आता पळत होतं, ओटा भरत होता, हसणं-खिदळणं सगळं होतं. पण पिशवी हातावर घेऊन डोळे मिटलेले आबा मी पुन्हा पाहिले नाहीत. मधूनच ते माईंना विचारत, "मी हे सांगितलं होतं का गं तुला?" आणि माई म्हणत, "सांगितलं होतं, सगळं बराबर सांगितलं होतं." खरोखरच ते काही विसरत नव्हते.

पुढे गुडघे गेले, तेव्हा आबा आणि माई धावड्याला लेकीकडे राहायला गेले. मी निवृत्त झालो. एक दिवस बायको म्हणाली, "तुम्ही जाऊन या. सांगून या. मला झोप लागत नाही तुमच्यामुळे." मी धावड्याची बस धरली. वाक्य घोकत गेलो.

लेकीच्या अंगणात मिरच्या वाळत होत्या, आणि आबा खाटेवर बसून कोंबड्या हाकत होते. मला पाहून असे काही खूश झाले की मी पिशवी ठेवायच्या आत त्यांनी शेजारची घरं गोळा केली. "हे आमचे गुरुजी. लई मोठे कलाकार हायेत." आणि मला म्हणाले, "माझी नक्कल करता म्हणे तुम्ही. अख्ख्या भोकरदननं पाह्यली. लाभ मीच राह्यलो!"

शब्द त्यांच्या तोंडून निसटला होता. त्यांना कळलं नाही.

"कोण म्हणालं, आबा?"

"सगळेच म्हणतात. लाजता काहून? करा. मी फोन उचलतो ना, ते करा."

अंगणभर माणसं माझ्याकडे पाहत होती. मी मूठ कानाला लावली. किती वर्षांनी तो आवाज काढला, पण जसाच्या तसा निघाला. "हं. मीच बोलून राह्यलो."

हशा झाला तो असा, की मिरच्यांवरची पाखरं उडाली. सगळ्यात जास्त आबा हसले. हसता हसता खोकला आला, लेकीने पाठ चोळली, तरी हसत होते. "माई, ऐकलं का? बिलकुल मी! फोनवर तं माझ्या लेकीलाही कळायचं न्हाई."

त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. मोठ्या कौतुकाने पाहत होते. याच्यापेक्षा सोपी वेळ माणसाला मिळत नाही.

"आबा, मला एक सांगायचं होतं."

"सांगा की."

मी बोलायला तोंड उघडलं आणि माई म्हणाल्या, "आधी जेवा, मंग सांगा. पिठलं गार होऊन राह्यलं." आम्ही जेवलो. जेवण झाल्यावर आबांनी विचारलंही, "काय सांगून राह्यलता तुम्ही?" मी म्हणालो, "काही नाही, शाळेचं होतं." ते फाट्यापर्यंत काठी टेकत पोचवायला आले. बस आली तशी मला मागून ढकलून म्हणाले, "जल्दी चढा, जागा धरा."

त्याच वर्षी हिवाळ्यात ते गेले. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. माईंना भेटायला गेलो, तर त्यांच्यापुढेही बोलता आलं नाही.

आबा, बसमध्ये मी घोकलेलं वाक्य फार मोठं नव्हतं. पुण्याच्या त्या मुलीशी त्या दुपारी तुम्ही बोलला नव्हता, तुमच्या आवाजात मी बोललो होतो. तुमचा शब्द तुम्ही माझ्यामुळे सोडलात, ओट्यावरचा निवाडा सोडलात, आणि मी चहा पीत बसलो. मला माफ करा. तुम्ही काहीच विसरला नव्हता.